हँडब्रेकचा शेवटचा नट

जुन्या मारुती 800 चा हँडब्रेक ढिला झाला की लिव्हरपाशी असलेला नट चार आटे आवळायचा आणि गाडी देऊन टाकायची, हे आमच्या धंद्यात दुरुस्ती म्हणून खपतं. माझा विरोध आवळण्याला नाही, क्रमाला आहे. तो नट शेवटचा, आणि हात आधी त्याच्याकडेच जातो. लिव्हर वर येतो तो बहुतेक वेळा लायनर झिजून ड्रमशी अंतर पडल्यामुळे. केबल एका रात्रीत लांबत नाही. ते अंतर केबल ओढून झाकलं की ड्रमच्या आतली हँडब्रेकची पट्टी आपल्या जागेवर पूर्ण मागे जात नाही. ज्या गाडीत लायनर आपोआप जुळतो, तिथे ते जुळणं त्या पट्टीच्या जागेवर अवलंबून असतं. मग अंतर तसंच राहतं आणि पायब्रेक खाली जातो. कधी एक चाक कायम घासत राहतं. घाट उतरून आलेल्या गाडीत हे कळायचं नाही, तिथे चारही चाकं तापतात. शिर्डीकडून सपाट रस्त्याने, ब्रेक फारसा न दाबता आलेल्या गाडीच्या मागच्या दोन्ही रिमांजवळ हात न्यावा. एक गार आणि एक चटका देणारी असेल, तर आधी वरच्या नटावर संशय घ्यावा.

केबल ताणते की, असं कोणी म्हणेल. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, हे खरं, आणि नट त्यासाठीच आहे. जुन्या केबलचं दुखणं वेगळं. कव्हरच्या चिरेतून पाणी आणि आपल्याकडची धूळ आत जाते, तार गंजते, ओढली की येते पण परतत नाही. ड्रमकडचं टोक सोडून तार हाताने मागेपुढे करून पाहावी; अडखळली तर ती बदलायची, आवळायची नाही. दुसरा आक्षेप आमच्या सिन्नरच्या सपाट गल्ल्यांतला: गाडी गिअरमध्ये लावली की हँडब्रेक हवा कशाला? गिअर गाडी धरतो तो इंजिनाच्या दाबावर, आणि जुन्या इंजिनात नेमका तोच उरलेला नसतो. शिवाय न वापरलेला हँडब्रेक लवकर जाम होतो, आणि पंधरा वर्षांनी पासिंगला नेल्यावर ही सबब चालत नाही.

खरी अडचण मोजण्याची आहे. किती खटक्यांवर ब्रेक लागावा हे सगळे सांगतात, किती जोराने ओढून, हे कोणी विचारत नाही. कंपनीच्या पुस्तकात खटक्यांबरोबर ओढीचा जोरही दिलेला असतो. तरुण मनगट सहाव्या खटक्यावर नेईल तिथे माझं आता चौथ्यावरच थांबतं, म्हणजे माझ्या हाताला ढिला ब्रेकही घट्ट वाटतो. 'हातानेच कळतं' ही आम्हा जुन्या लोकांची मिजास. मीही ती पुष्कळ मिरवली, अजून सुटत नाही. पण लिव्हरला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढलं तर वयाचा प्रश्नच राहत नाही. बटणाच्या हँडब्रेकवर शिकलेली पोरं स्कॅनर लावल्याशिवाय मागच्या चाकाला हात लावत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना हसतो. निदान ती आकड्यावर विश्वास ठेवतात. वाईट इतकंच की ड्रम उघडून लायनरची पूड झटकायची त्यांना किळस येते.

तेव्हा मागची दोन्ही चाकं उचलायची, पुढे दगड लावायचे, नट पूर्ण सैल करायचा. लायनर जुळवायचे, पायब्रेक काही वेळा दाबून ते बसू द्यायचे, आणि मग नट. प्रत्येक खटक्याला दोन्ही चाकं फिरवून पाहायची. एक अडलं आणि दुसरं मोकळं फिरलं तर काम झालेलं नाही, लिव्हर कितीही कडक लागो. जुन्या विलीस जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच, प्रॉपेलर शाफ्टवर होता. त्यामुळे मागचं एकच चाक जॅकवर घेतलं की जीप घरंगळायची, तो निराळा ताप.

एवढ्या कामाला पाच मिनिटं पुरत नाहीत. हँडब्रेक दाखवायला गाडी द्याल तेव्हा मागचे ड्रम उघडायला सांगा, समोर उभे राहा, आणि त्या तासाच्या मजुरीत घासाघीस करू नका.