पुरलेला देव

लडाखमधल्या हेमिसच्या गोंपात एका लामांनी 'तेर्मा' म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. आठव्या शतकात पद्मसंभव तिबेटात गेले. पुढे वाईट दिवस येणार हे ओळखून त्यांनी पोथ्या, मूर्ती जमिनीत, खडकांत, तळ्यांत दडवल्या, अशी श्रद्धा आहे. वेळ भरली की योग्य माणसाच्या हाती तो ठेवा लागतो. त्या माणसाला 'तेर्तोन' म्हणतात. लोणी जळाल्याच्या वासात हे ऐकताना मला मात्र मेहकर आठवत होतं. परतल्यावर चिखलीहून एसटी पकडली.

मेहकरचा तेर्तोन म्हणजे कुणी कुदळवाला मजूर. १८८८ साली खोदकामात शार्ङ्गधराची, म्हणजे विष्णूची, मूर्ती निघाली. काळा पाषाण, माणसाच्या दुप्पट वाटावी अशी उंची. विष्णूने मेघंकर दैत्याला इथे मारलं म्हणून गावाचं नाव मेहकर. मूर्ती कुणी, कुणाच्या भीतीने पुरली, ते बहुधा सोबतच्या ताम्रपटावर असावं. पण तो साहेबांनी विलायतेला नेला, असं गावात सांगतात. मूर्तीही जायचीच. लोकांनी घाईघाईने प्राणप्रतिष्ठा उरकली आणि वस्तूचा देव झाला. मग कोण हलवणार? ही घाई मला कुठल्याही यथासांग विधीपेक्षा जास्त भाविक वाटते.

गाभाऱ्यात मान वर करूनच उभं राहावं लागतं. प्रभावळीतले दशावतार शोधता शोधता मागची रांग कुरकुरू लागली.

बाहेर पैनगंगा. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी. त्याच रांगेतली लेणी १८१९ साली शिकारीला निघालेल्या इंग्रजांच्या नजरेस पडली, तोवर ती रानाने झाकलेली होती. मात्र बुद्धाचा धर्म इकडे पुन्हा जागा झाला तो काही लेण्यांमुळे नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, दिली, आणि वऱ्हाडातल्या गावोगावी विहार उभे राहिले.

संध्याकाळी अशाच एका विहारात बसलो. हेमिससारखे ना मुखवटे, ना लोण्याचे दिवे; पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, पालीतली वंदना. वंदनेनंतर एका पोराला मोबाइलवर हेमिसचे पद्मसंभव दाखवले.

"काका, ह्या बुद्धाले मिशा काहून?"

त्याच्या आजोबांनी मोबाइल घेतला, चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिले.