एक तास खऱ्या गोष्टींचा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलेला असतो. वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, गॅसची टाकी कधी लावली ती तारीख, यांच्या शेजारीच त्याची जागा. दर शनिवारी रात्री ओटा पुसून झाला की मी त्यावर लिहिते, 'उद्या संध्याकाळी ५ ते ६', आणि पुढे एका कार्यक्रमाचं नाव. घरी आलेल्या बायका विचारतात, "हे काय हो, कीर्तनाची वेळ लिहिलीय का?" मी म्हणते, "नाही हो, आमच्या टी.व्ही.ची वेळ!"

आता तुम्ही हसाल. टी.व्ही. काय, सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असतो, त्याला वेळ कसली? तेच तर सांगायचंय मैत्रिणींनो. चालू असतो, पण आपण तो बघतो कुठं? एक डोळा मालिकेवर, दुसरा दुधावर. मालिकांना मी नावं ठेवत नाही हं. मीसुद्धा बघते, रडतेसुद्धा. पण आठवड्यातला एक तास आम्ही खऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवलाय. त्या तासात मालिका नाही, क्रिकेट नाही, बातम्यांतली भांडणं नाहीत. फक्त माहितीपट. हात रिकामे ठेवायचं बंधन नाही. शेंगा फोडा, मेथी निवडा, पण डोळे आणि कान तिकडे.

ही सवय मला कशी लागली ते आधी सांगते. १९८२ साली लग्न होऊन मी पाटणला आले. शिक्षण दहावीपर्यंत. पुढे शिकायची फार हौस होती, पण पाठीवर तीन बहिणी. वडिलांनी हात जोडले, मी काय बोलणार? पाचेक वर्षांनी घरात टी.व्ही. आला, लाकडी शटरचा. आमचं पाटण म्हणजे कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव, चहूकडून डोंगर. चित्र धड दिसेल तर शपथ! हे कौलावर चढून अँटेना फिरवायचे, आणि मी खालून ओरडायची, "आलं, आलं... गेलं!" रविवारी रामायणाला सगळी आळी आमच्या सोप्यात. पण माझी खरी वेळ दुपारची. १९८४ च्या १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शिक्षणाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले होते. सगळं इंग्रजीतून. निम्मं डोक्यावरून जायचं. पण फुलातले परागकण, माणसाचं हृदय, समुद्राच्या तळाचे डोंगर, हे बघायला इंग्रजी कशाला यायला हवं? सूप मांडीवर तसंच राहायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "भरलं का गं तुजं कालीज?" कॉलेज म्हणायचं असायचं त्यांना. मी हसायची, पण मनात म्हणायची, खरंच की, हेच माझं कॉलेज.

आता त्याच आत्याबाईंची गोष्ट सांगते. हा लेख लिहायला बसले ती त्यांच्यामुळेच.

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचार वाजून गेले होते, आणि कोयनेचा तो भूकंप झाला. आजच्या मोजणीप्रमाणे तो ६.३ च्या आसपासचा. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर तर उद्ध्वस्त झालं. आमच्या घरची मंडळी तेव्हा हेळवाकच्या बाजूला वरच्या गावात राहायची. दगडमातीचं घर, थंडीची रात्र, सगळी आत झोपलेली. हे तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांना ओढून बाहेर काढलं. तीन वर्षांची धाकटी बहीण भिंतीखाली राहिली.

एवढंच मला लग्नानंतर कळलं होतं, तेही यांच्याकडून. आत्याबाई त्यावर कधी बोलल्या नाहीत. मार्गशीर्ष लागला की गप्प व्हायच्या, ११ डिसेंबरला कडकडीत उपास करायच्या आणि बारा महिने दाराशी झोपायच्या. आम्हाला वाटायचं, भीती बसलीय. आमच्याकडे लहानसहान हादरे अजून बसतात, मांडणीवरची भांडी वाजली की ती भीती वर येणारच. कोण विचारायला जातंय?

२०१७ साली त्या भूकंपाला पन्नास वर्षं झाली. डिसेंबरातल्या रविवारी माझी धाकटी लेक कराडहून आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनंच दारामागच्या कागदावर लिहिलं, 'भूकंप कसे होतात'. मी म्हटलं, "अगं, आजी घरात आहे, हे नको." ती म्हणाली, "आई, आजीला विचार तरी." विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "लाव. बगू दे."

माहितीपट साधाच होता. जमिनीच्या पोटातले खडक, त्यांतल्या भेगा, खडकावर ताण कसा साठतो आणि एका क्षणी तो कसा सरकतो, हे चित्रं काढून दाखवलं होतं. हिंदी होता, म्हणून लेक अधूनमधून थांबवून आजीला आपल्या भाषेत सांगत होती. मग आपल्याकडचंही सांगितलं. आपल्या पाटण तालुक्यातच, गोठण्याला, शास्त्रज्ञांनी जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. कराडजवळ हजारमाचीला त्यांची प्रयोगशाळा आहे. वर काळ्या दगडाचा किलोमीटरभर जाड थर आणि त्याखाली ग्रॅनाइटचा खडक, त्याच्या पोटात काय चाललंय ते त्यांना बघायचंय. त्या खडकात भेगा फार जुन्या. धरणात पाणी साठलं, त्याचं ओझं पडलं, पाणी भेगांत मुरलं आणि आधीच ताणलेला खडक सरकला, असं शास्त्रज्ञ मानतात. कोयनेचं उदाहरण म्हणूनच जगभर अभ्यासतात.

आत्याबाईंनी मध्येच विचारलं, "त्या भेगा आदीपास्नंच व्हत्या?"

"हो आजी. माणूस नव्हता तेव्हापासून."

"मंग म्या वटी भरली असती, तरी झालाच असता?"

आम्ही सगळे गप्प. लेकीनं टी.व्ही. बंद केला, त्यांच्याजवळ जाऊन बसली नि म्हणाली, "तरीपण झाला असता, आजी."

तेव्हा पन्नास वर्षांनी आत्याबाई बोलल्या. त्या वर्षी नवरात्रात तापानं अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांची देवीची ओटी भरायची राहिली होती. पोरगी गेल्यावर घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईनं दिवसाकार्याला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "वटी चुकली, म्हून देवीनं पोर नेली." त्या बाई केव्हाच वारल्या. पण तो शब्द आत्याबाईंच्या पदरात राहिला. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. उपास भीतीचा नव्हताच, प्रायश्चित्ताचा होता. यांनी साठीच्या वयात आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि मी उठून चहा ठेवायला गेले, कारण मला तिथं बसवेना.

एका तासानं सगळं पालटलं असं नाही सांगणार मी तुम्हाला. त्या दाराशीच झोपत राहिल्या. देवीची ओटी शेवटपर्यंत भरली. पण पुढच्या ११ डिसेंबरला सकाळी माझ्यासमोर बसून त्यांनी चहा-भाकरी खाल्ली. पोरीचं नाव घेतलं. तिला गुळाचा खडा कसा आवडायचा ते सांगितलं. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. २०२१ साली आत्याबाई गेल्या. तो कागद मात्र दर शनिवारी मी लिहिते.

म्हणून म्हणते मैत्रिणींनो, माहितीपट हे काही शाळकरी पोरांचं नि रिटायर माणसांचं खूळ नाही. आणि परक्यांचं तर मुळीच नाही. हिंदुस्थानात अगदी सुरुवातीच्या काळात खरं हलतं दृश्य टिपलं कुणी? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, या मराठी माणसानं! १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तो सोहळाही टिपला. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाणा पेरला, तो वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि 'अंकुराची वाढ' नावाचा चिमुकला चित्रपट तयार केला. आपण मटकीला मोड आणतो ना, तेच ते!

आता निवड कशी करायची? इथं मी एकदा चांगलीच फसलेय. एका कार्यक्रमात पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता, अमुक काढा घ्या, साखरेच्या गोळ्या सोडा. मी काढा केला, यांच्या गोळ्या आठवडाभर बंद! शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं. नंतर लक्षात आलं, तो कार्यक्रम नव्हताच, पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. तेव्हापासून चार गोष्टी बघते:

१. शेवटी काही विकत घ्या म्हणतात का? म्हणत असतील तर बंद करा. औषधपाण्याचं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका.

२. बोलणारा माणूस कोण, काय शिकलेला, कुठं काम करणारा, हे पडद्यावर येतं का?

३. 'हे अजून आम्हाला कळलेलं नाही' असं कुणी म्हणतं का? खरा जाणकार ते म्हणतोच. भुताखेतांच्या आणि परग्रहवासीयांच्या कार्यक्रमांत सगळं सगळ्यांना ठाऊक असतं!

४. केव्हाचा आहे? जुना असला म्हणून वाईट नव्हे, पण मधल्या काळात माहिती बदललेली असते.

आणि आमच्या कागदावर आजवर जे चढलं, त्यातलं तुम्हालाही आवडेल असं थोडं सांगते. घरात मोबाइल किंवा नेट असेल तर बरंचसं शोधून सापडतं, मुलांना कामाला लावा.

'भारत एक खोज' ही श्याम बेनेगलांची १९८८ सालची मालिका, ५३ भागांची, नेहरूंच्या पुस्तकावर बेतलेली. यात नाट्य आहे, म्हणजे निव्वळ माहितीपट नव्हे, पण नसिरुद्दीन शहांचे शिवाजीमहाराज बघाच. त्यांचीच २०१४ सालची 'संविधान' दहा भागांची. घटना समितीत १५ स्त्रिया होत्या, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? मुलींना मुद्दाम शेजारी बसवून दाखवा.

'द एलिफंट व्हिस्परर्स' मुदुमलैच्या जंगलातला. बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं आईवेगळी हत्तीची पिल्लं सांभाळतं. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या या लघुपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. चाळीसेक मिनिटांचा आहे, कणीक मळून होईपर्यंत संपेल. पण मळायची राहील, आधीच सांगून ठेवते.

गाणं आवडणाऱ्यांनी जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरचा 'हंस अकेला' चुकवू नये. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेला माणूस पुन्हा उभा राहून असा गातो, हे पाहिलं की आपली कंबरदुखी सांगायची लाज वाटते. सुमित्रा भाव्यांचा १९८५ सालचा 'बाई' हा लघुपट मिळाला तर पाहा. झोपडपट्टीतली एक बाई, तिचे कष्ट आणि तिची हिंमत. शेजारीण बोलतेय असंच वाटतं.

आणि डेव्हिड अॅटनबरोंच्या निसर्गमालिका. १९७९ ची 'लाइफ ऑन अर्थ' जुनी, २००६ ची 'प्लॅनेट अर्थ' नवी. पण त्या बघून झाल्या की पोरांना परसदारी न्या. आफ्रिकेचा सिंह त्यांना पाठ असतो, आणि आपल्या कोयनेच्या रानातलं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्यांनी पाहिलेलं नसतं. आपलं कोयना अभयारण्य १९८५ चं. २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत. घराच्या मागं एवढं वैभव, आणि आपल्याला पत्ता नाही!

शेवटचं एकच. माहितीपट मुलांपुढे लावून आपण आत निघून जाऊ नका. सगळ्यांनी मिळून बघा, म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवा, न कळलेलं थांबवून त्यांच्या बोलीत सांगा. संपल्यावर दहा मिनिटं टी.व्ही. बंद ठेवा. कुणाच्या मनात काय अडकून बसलंय, ते त्या दहा मिनिटांत बाहेर येतं. आमच्याकडे यायला पन्नास वर्षं लागली. तुमच्याकडे एवढी लागू नयेत.

चला, आज शनिवार. ओटा पुसून झालाय, आता कागदावर लिहायचंय. तुमच्या दारामागं काय लिहिलंत, ते मला जरूर कळवा हं!