पाच तासांचे विमान आणि सत्तावीस तासांचे अंतर

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून मुंबईहून सकाळी नऊला निघालेला माणूस तिथल्या दुपारी बाराच्या सुमारास उतरतो. येताना मात्र तेच अडीच तास वाढतात. इंदापूर-बारामतीकडच्या ज्या घरांतला मुलगा आखातात कमावायला गेला आहे, त्या घरांत हे गणित लहान मुलांनाही पाठ असते.

आमचा धाकटा भाऊ जेद्द्यात नोकरीला आहे. "पाच तासांत तर येतो," असे तो अम्मींना नेहमी सांगायचा. अब्बांचा इंतकाल झाला त्या रात्री आम्ही या पाच तासांचा खरा हिशेब मांडला.

पहाटेचे तीन वाजले होते. जेद्द्यात रात्रीचे साडेबारा. सौदीत नोकरी करणाऱ्याला देश सोडून परत यायचे तर एक्झिट री-एन्ट्री व्हिसा लागतो. त्याचे काम सकाळी आठला सुरू होणार, म्हणजे आपले साडेदहा. दुपारचे विमान मिळाले तरी मुंबईत यायला रात्रीचे साडेदहा. तपासणी, सामान, मग पुणे, भिगवण करत इंदापूरपर्यंत जवळजवळ तीनशे किलोमीटर. घरी पोहोचायला दुसऱ्या दिवशीची फजर. एकूण सत्तावीस तास! त्यांतले आकाशातले फक्त पाच.

बारामतीला दिलेली बहीण पन्नास किलोमीटरवरून तासा-सव्वा तासात दारात आली. एकाच बापाची दोन लेकरे, पण एकालाच चेहरा पाहता आला.

काही नातेवाईक म्हणाले, बर्फ आणू, थांबू. जनाज्याला विनाकारण उशीर करू नये, ही आपल्या दीनची शिकवण. तरीही निर्णय सोपा नव्हता. शेवटी अम्मींनीच फोन हातात घेतला. पलीकडून भाऊ म्हणाला, "अम्मी, माझ्यासाठी अब्बांना थांबवू नका. मी इथून दुआ करतो." जुहरनंतर दफन झाले. भाऊ तिसऱ्या दिवशी आला आणि आधी कब्रस्तानात गेला.

पूर्वी मुंबईहून हाजींना घेऊन जहाजे जात. 1995 साली ती बंद झाली. समुद्रात कित्येक दिवस जायचे, म्हणून निघणारा माणूस आप्तांची, शेजाऱ्यांची माफी मागून, देणी फेडून निघत असे. आता प्रवास तासांवर आला, तशी ही सवय सुटली. अंतर मिटले असे आपण धरून चाललो आहोत.

ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे. मुलाच्या पासपोर्टची मुदत पाहत राहा. अचानक निघावे लागले तर तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवायला सांगा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा वेळेवर विचारून ठेवा. तो विषय अशुभ नाही. आमच्या अब्बांनी हयातीतच सांगून ठेवले होते, "कुणाची वाट पाहू नका." त्यामुळे आज भावाच्या मनात रुखरुख आहे, पण घरात कुणाचा कुणावर आरोप नाही. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो आणि दूर देशी राबणाऱ्या लेकरांना सब्र देवो. आमीन.