जठर, वय ६ वर्षं

आमच्या वहिनींचं वय ५१, पण त्यांचं जठर अवघं ६ वर्षांचं आहे. जन्मापासून पोटात होतं ते जठर लीटर-दीड लीटर सहज सामावून घ्यायचं. वजन उतरवण्यासाठी पुण्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, त्याचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकला आणि उरलं ते केळ्यासारखं लांबट, जेमतेम १०० ते १५० मिलिलिटरचं. डॉक्टर त्याला ‘स्लीव्ह’ म्हणतात. मोहोळच्या आमच्या स्वयंपाकघरात मात्र त्याचा उल्लेख फक्त ‘त्याला’ असा होतो. “त्याला आज मटकी सोसंल का?” सासूबाई विचारतात आणि मगच कुकर चढतो.

पहिल्या वर्षी ते फार कडक होतं. आधी नुसतं वरणाचं पाणी आणि ताक, मग पातळ, मग मऊ, आणि कितीतरी आठवड्यांनी भाकरीचा पहिला तुकडा. घास नीट चावला नाही किंवा जेवताना पाणी प्यायलं, की छातीत दाटायचं आणि सगळं उलटून पडायचं. रागावल्यावर समजूत घालता येईल असा त्याचा स्वभावच नव्हता. भूक तर वहिनी विसरूनच गेल्या होत्या. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग जातो. दीड वर्षात वहिनी ११६ किलोवरून ८२ वर आल्या. सगळ्यांनी जठराचं कौतुक केलं.

तिसऱ्या वर्षी त्याचा स्वभाव बदलला. स्नायूच तो, थोडा सैलावला. दोन घासांवर थांबवणारं जठर चार घासांवर थांबवू लागलं. भूक परतली. त्यातच वजन उतरलेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत भागवायला शिकतं, त्यामुळे तेवढंच खाऊनही काटा हलेना, आणि हलला तो वरच्या बाजूला.

या जठराची एक खोड ओळखायलाच हवी. कोरडं, घट्ट, चावून खायचं अन्न ते अडवतं. मऊ, गोड, पातळ पदार्थांना मात्र मुकाट वाट देतं. अर्ध्या भाकरीला ‘पुरे’ म्हणणारं हेच जठर चहात बुडवलेलं बिस्किट, उसाचा रस, आइस्क्रीम, दिवसभर येताजाता तोंडात टाकलेली शेव यांना कधीच नको म्हणत नाही. पोट भरल्याची खूण मिळत नाही आणि खाल्ल्याची नोंद मनातही राहत नाही. गमावलेले किलो बहुतेक याच वाटेनं परततात.

त्यातून हे जठर राहतं मोहोळात. रब्बी ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण इथल्याच संशोधन केंद्रात निवडलं गेलं आणि कोरडवाहू महाराष्ट्राचं पोट त्यानं पिढ्यान्‌पिढ्या भरलं. आमच्या ताटात भाकरी मधोमध असते, बाकी सगळं तिच्या सोबतीला. वहिनींनी हा क्रम उलटा केला. आधी डाळ, मटकी, दही, पनीर, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, गळ्यात तुळशीची माळ असल्यानं अंडं नाही, म्हणून प्रत्येक घासाचा हिशोब. पंढरपूर इतकं जवळ, एकादशी चुकत नाही. पण साबुदाणा आणि बटाटा पोटाला फारशी प्रथिनं देत नाहीत, म्हणून त्या दिवशी त्या दूध-दह्यावर राहतात. हुरड्याच्या दिवसांत रानात आगटीभोवती बसलं, की गूळ, रेवड्या, शेंगदाण्याची चटणी पुढं येते आणि चहूबाजूंनी सुरू होतं, “घ्या की वहिनी अजून थोडं, एवढ्यानं काय होतंय?” जठर तेव्हा गप्प बसतं. नाही म्हणावं लागतं ते वहिनींनाच.

गप्प बसण्याची त्याची सवय दुसऱ्या बाबतीत जास्त महाग पडते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडू लागलं तरी ते कळवत नाही. केस गळतात, पायांना मुंग्या येतात, जिना चढताना धाप लागते, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून गोळ्या जन्मभर आणि रक्ततपासणी दरवर्षी. तब्येत छान वाटते म्हणून ती टाळणं हा या जठरावर केलेला सगळ्यात मोठा अन्याय.

इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर २०१७ साली मुंबईत वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा किती किलो उतरले याच्या बातम्या घराघरांत वाचल्या गेल्या. बातमी उतरलेल्या किलोंची होते, ते टिकवण्याची होत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्या लोकांचा दीर्घ मागोवा घेतला गेला. त्यातल्या जठराचा बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येणं ही शरीराची रीत आहे, माणसाचा गुन्हा नव्हे. आणि उरलेली मोठी घट वर्षानुवर्षं टिकते.

वहिनी आज ८८ किलोंवर आहेत. गल्लीत कुणीतरी म्हणालं, “ऑपरेशन वाया गेलं.” वाया काहीच गेलेलं नाही. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली, गुडघे चालू लागले, पहाटे नागनाथाच्या देवळापर्यंत त्या न थांबता जातात. जठरानं आपलं काम केलं: त्यानं नवी सवय लावून घ्यायला दोन वर्षांची सवड दिली. पुढचं काम ताटाचं, पायांचं आणि सोबतच्या माणसांचं.

असं जठर तुमच्या पोटात असेल आणि वजन पुन्हा चढू लागलं असेल, तर लाजेनं घरी बसू नका. आहारतज्ज्ञ आहेत, आता औषधं आहेत, काहींसाठी दुसरी शस्त्रक्रियाही आहे. चार किलो वाढले तेव्हाच जा, चाळीसची वाट पाहू नका. आणि असं माणूस तुमच्या घरी जेवायला आलं, तर ताटात एकदाच वाढा, आग्रह करू नका. त्यांच्यासाठी तोच खरा पाहुणचार आहे.