अडीच इंचांची कोठी आणि पंचावन्न वर्षांचा अबोला

१/ बंदुकीच्या नळीत पाच मिलिमीटरचा फरक किती मोठा असतो? आमच्या घराण्यात त्याची किंमत दोन बोटे आणि पंचावन्न वर्षांचा अबोला इतकी पडली. आजचा थ्रेड बारा बोअरच्या बंदुकीच्या चेंबरविषयी आहे आणि थोडा माझ्या घराविषयीही. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आमचे मूळ घर सावंतवाडी भागात. भाताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे तिकडे अजून आहेत. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आमची बंदूक परत आणण्यासाठी मी काकांबरोबर गेले होते.

३/ ही दुनळी बंदूक १९६९ नंतर एकदाही उडालेली नाही. तिची डावी नळी फुटलेली आहे. तरीही परवान्यावर नोंद असल्याने दर निवडणुकीत ठाण्याची वारी तिला चुकत नाही. काका वैतागून म्हणतात, "बंदूक नाय गो बाय, लोढणा आसा ता."

४/ घरात सांगितली जाणारी हकिकत अशी. १९६९ ची दिवाळी तोंडावर आली होती, भात कापणीला आले होते. आजोबांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे थोरले आजोबा, रात्री माचावर राखणीला बसले होते. रानडुकरांचा कळप शेतात उतरला. त्यांनी डाव्या नळीचा चाप ओढला आणि नळी मुळापासून चार बोटे अंतरावर फाटली. नळीखाली आधाराला असलेल्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

५/ दोष कोणाचा, हे त्याच रात्री ठरून गेले. शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ उडालेल्या काडतुसांत नवी टोपी, दारू आणि छर्रे भरून देत. दारू त्यांनीच जास्त भरली असणार, असे सर्वांनी मानले. त्या घराशी येणे-जाणे थांबले. गणपतीत आरत्यांसाठी घरोघर फिरताना आमची मंडळी त्यांचे अंगण वगळून पुढे जाऊ लागली.

६/ आता थोडा इतिहास. 'बारा बोअर' हे इंचांतले वा मिलिमीटरांतले माप नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. हा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर भरतो. म्हणूनच सोळा आणि वीस बोअरच्या नळ्या बारा बोअरहून बारीक असतात.

७/ ठासणीच्या बंदुकीत चेंबरचा प्रश्नच नव्हता. दारू, बोळा आणि छर्रे तोंडाकडून ठासले जात. १८३५ च्या सुमारास पॅरिसच्या काझिमिर लफोशो याने मागून उघडणारी, काडतूस घालण्याची बंदूक रूढ केली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांच्या नजरेस पडली आणि पुढील दोन दशकांत शिकारीच्या बंदुकीचे रूपच पालटले.

८/ काडतूस आले म्हणजे त्याच्यासाठी कोठी आली. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसावे म्हणून थोडी रुंद कोरलेली जागा म्हणजे चेंबर. चेंबर संपते तेथे नळी उतरती होत जाऊन मूळ व्यासाला मिळते. ही उतरण लक्षात ठेवा. आमच्या घरची सगळी कथा त्या उतरणीवर घडली.

९/ बारा बोअरच्या चेंबरची मुख्य मापे तीन: अडीच इंच (६५ मिमी), पावणेतीन इंच (७० मिमी) आणि तीन इंच (७६ मिमी). १९८८ मध्ये अमेरिकेत साडेतीन इंचांचे मापही आले. ब्रिटिश शिकाऱ्याची नेहमीची बंदूक अडीच इंची असे. अमेरिकेत पावणेतीन इंच रूढ झाले आणि आज जगभर तेच सर्वसाधारण माप आहे.

१०/ निवड कशावरून होत असे? तितर किंवा ससा यांच्यासाठी दिवसभर पायपीट करायची, तर हलकी बंदूक आणि साधारण ३० ग्रॅम छर्रे पुरतात. तेथे अडीच इंच योग्य. पाणथळीवरून उंच उडणाऱ्या बदकांसाठी जास्त छर्रे हवेत. त्यासाठी तीन इंची चेंबर आणि तिला पेलणारी जड बंदूक. हलक्या बंदुकीतून भारी काडतूस उडवले, तर खांदा शेकून निघतो.

११/ पुढे या निवडीत पर्यावरणही आले. शिशाचे छर्रे पाणथळीत साचतात, पक्षी ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिशाला मनाई केली. पोलादाचे छर्रे हलके. तितक्याच वजनाला जागा जास्त लागते. लांब चेंबरचे महत्त्व त्यामुळे वाढले.

१२/ आता सापळा कोठे आहे तो पाहा. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडलेल्या नळकांड्याची असते. भरलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्याने ते बरेच आखूड दिसते. म्हणून ७० मिलिमीटरचे भरलेले काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये अगदी सहज बसते. बंदूक बंद होते. काहीही अडत नाही.

१३/ बार झाला की घडी उलगडते, पण उलगडायला जागा नसते. नळकांड्याची कड पुढच्या उतरणीत शिरते, छर्‍यांची वाट अरुंद होते आणि मागे वायूचा दाब वाढतो. 'आत बसले' याचा अर्थ 'जुळले' असा होत नाही, तो एवढ्यासाठी.

१४/ इंग्लंडमध्ये नळ्यांची चाचणी घेऊन त्यांवर ठसे मारण्याची पद्धत जुनी आहे. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे. आमच्या बंदुकीच्या नळ्यांखाली चौकटच्या आकारात १२ हा आकडा आणि इंग्रजी 'सी' हे अक्षर आहे. हा ठसा १८८७ ते १९२५ या काळातला. चेंबर तीन इंचांहून कमी आहे, एवढेच तो सांगतो. नेमकी लांबी सांगत नाही. ती कोरण्याची पद्धत १९२५ नंतरची.

१५/ आणखी एक गोष्ट त्या नळ्यांवर दिसते, ती म्हणजे नागमोडी नक्षी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली ही 'दमास्कस' नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातील. नव्या, धूरविरहित दारूच्या चाचणीचा ठसा आमच्या बंदुकीवर नाही.

१६/ जुलैमध्ये काकांनी बंदूक परवानाधारक दुकानातील एका वयस्क कारागिराकडे नेली. मी सोबत होते. त्यांनी मापकाठी घालून उजव्या नळीचे चेंबर मोजले: ६५ मिलिमीटर. डाव्या चेंबरमध्ये त्या रात्रीचे नळकांडे अजूनही रुतलेले होते. पंचावन्न वर्षांत ते काढण्याची इच्छा कोणाला झाली नव्हती.

१७/ तासाभराच्या खटपटीनंतर ते निघाले. पितळी बूड हिरवे पडलेले, टोपी चपटी झालेली, कागद गंजाने तांबूस. कड फाटलेली होती, तरी लांबी ७० मिलिमीटरच्या आसपास भरली. आणि तोंडाशी सहा घड्यांच्या खुणा होत्या, चांदणीसारख्या.

१८/ या घड्यांपाशी मी थांबले. हाताने भरलेल्या काडतुसाच्या तोंडावर पुठ्ठ्याची चकती ठेवून कड आत वळवतात. आमच्याकडची भरलेली काडतुसे तशीच असत. त्या चकत्यांवर पेन्सिलीने छर्‍यांचा आकडा लिहिलेला असे, हे आजीला पक्के आठवते. चांदणीची घडी यंत्राची, कारखान्यातली. वाडीतल्या माणसाने ते भरले असते, तर कड वळवल्याची गोल खूणही दिसली असती. ती नव्हती.

१९/ मग मी थोरल्या आजोबांचा जुना परवाना मागितला. काका म्हणाले, "ह्या काय तुका परीक्षेक येवचा नाय." पण पेटीतून काढून दिला. काडतुसे विकताना दुकानदार परवान्यावर नोंद करतो. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील एका दुकानाचा शिक्का होता: बारा बोअर, नग २५. लांबी लिहिलेली नव्हती. परवान्यावर बंदुकीचे वर्णनही 'बारा बोअर' आणि क्रमांक इतकेच. सगळ्या कागदांत खरे तेच लिहिले होते. हवे ते माप मात्र कोठेच नव्हते.

२०/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून येथे सावध राहायला हवे. पावणेतीन इंची नळकांड्यातली कमी दाबाची काडतुसे ब्रिटनमध्ये अडीच इंची चेंबरसाठीही विकली जात. त्यामुळे नुसती लांबी म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. नळी जुनी होती, कोकणातले पावसाळे तिने सोसले होते. नळी कशाने फाटली याचे एकच उत्तर मी देणार नाही. पण ते काडतूस शेजारच्या गृहस्थांनी भरलेले नव्हते, एवढे मी ठामपणे म्हणू शकते.

२१/ थोरल्या आजोबांना हे ठाऊक होते का? मुंबईहून काडतुसे त्यांनी स्वतः आणली होती. अंधारात, माचावर, त्यांनी कोणते घातले हे कदाचित त्यांनाही आठवले नसेल. कदाचित आठवले असेल. ते १९८० च्या दशकात गेले. कागद मला त्यांच्या मनापर्यंत नेत नाहीत, आणि तेथे कल्पनेने शिरण्याचा अधिकार मला नाही.

२२/ ते गृहस्थही आता नाहीत. त्यांचे चिरंजीव सत्तरीचे आहेत. ७ सप्टेंबर २०२४ ला गणपती आले. त्या संध्याकाळी काका आणि मी ते नळकांडे व परवान्याची प्रत घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. काका दारातच म्हणाले, "भाऊ, चूक आमची. बापाशीचा नाव उगीच घेतला."

२३/ भाऊंनी नळकांडे हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिले. मग म्हणाले, "त्या रातीनंतर बाबांनी परत कधी काडतूस भरूक नाय. तराजू इकल्यानी. माकाच कधी कधी वाटायचा, चूक झाली आसात." वडिलांवर संशय घेत जगलेला मुलगा माझ्या हिशोबात तोवर नव्हताच. मी फक्त आमच्या घरची बोटे मोजत होते.

२४/ आमची आरती त्या रात्री त्यांच्या घरी झाली. कोणी भाषण केले नाही. आजीने पंचखाद्य पाठवले होते.

२५/ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार इतिहासजमा केली, ते योग्यच झाले. पण त्या काळातील बंदुका, परवाने आणि काडतुसांचे डबे अनेक घरांत पडून आहेत. आपल्या घरी असतील, तर परवानाधारकाच्या आणि जाणत्या कारागिराच्या उपस्थितीतच पाहावेत. नळ्यांखालचे ठसे आणि परवान्याची मागची पाने आवर्जून वाचावीत. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी 'चूक कोणाची' ही गोष्ट एकदा मोजून पाहावी.

२६/ नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक लागली. बंदूक पुन्हा ठाण्यात गेली. या वेळी ती पोहोचवायला काकांसोबत भाऊ गेले होते.