जास्तीची भाजी

जर्मनांच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅममध्ये ज्यू माणसाला घरात लपवणाऱ्यापुढे पोलिसांच्याही आधी उभा राहायचा तो पोटाचा प्रश्न. मे १९४० मध्ये नेदरलँड्स पडलं. जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्कच्या छावणीतून ज्यूंना घेऊन आगगाड्या पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे सुटू लागल्या, आणि पुढच्या काळात पंचवीस हजारांहून जास्त ज्यू दुसऱ्यांच्या माळ्यांवर, कपाटांमागे, गोठ्यांत दडले. पाव, लोणी, दूध, साबण, सगळं कुपनावर मिळायचं. जो सरकारदरबारी बेपत्ता, त्याला कुपन कुठलं? दोघांच्या शिध्यात चौघांना भागवावं लागे.

धुळ्याकडच्या माणसाला लपवाछपवी म्हटली की बेचाळीसचा इंग्रजांविरुद्धचा लढा आठवतो. डॉ. उत्तमराव पाटलांसारखे कार्यकर्ते भूमिगत होते. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, तेव्हा पोलिसांनी मुलूख पिंजून काढला. पण कणगीत घरची ज्वारी-बाजरी होती. रात्री मळ्यात एक तोंड वाढलं तर घरधनीण कळण्याच्या दोन भाकरी जास्त थापणार, ठेचा वाटणार. हिशेब मागणारं कुणी नाही. शिवाय पाठीशी सातपुडा. हॉलंडात डोंगर नाही, जंगल नावापुरतं. घरं एकमेकांना खेटून, आणि जिने इतके अरुंद की सामान आजही आकड्याला बांधून खिडकीतून वर चढवतात. त्यात पडदे न ओढण्याची इथली रीत. अख्खा दिवाणखाना रस्त्यावरून दिसतो आणि नव्यानं आलेलं मराठी कुटुंब अवघडून मान फिरवतं. युद्धात रात्री ब्लॅकआउट सक्तीचा होता, ते एका अर्थी सोयीचंच. दिवसा मात्र लपलेल्यानं खिडकीकडे फिरकायचं नाही, आणि खाली माणसं असली की संडासाची साखळीही ओढायची नाही.

तुलना इथवरच चालते. खानदेशात लपणारा आपल्यातला होता, त्याच्या कामाचा गावाला अभिमान होता. इथे तो बहुधा अनोळखी, परधर्माचा, आणि कधी कधी तान्हं मूल.

कुपनांची सोय लावली ती मुख्यतः धार्मिक मंडळींनी. १९४२ च्या अखेरीस विंटर्सवाइक गावच्या हेलेना कॉइपर्स-रीटबर्ग या गृहिणीनं पाद्री फ्रिट्स स्लॉम्प यांना गावोगाव हिंडून आसरा देणारी घरं जोडायला लावलं. त्यातून देशभर जाळं उभं राहिलं. त्याला जोडलेल्या सशस्त्र टोळ्या रेशन कचेऱ्यांवर धाड घालून कुपनांचे गठ्ठे पळवत. मग सरकारनं नवं रेशन कार्ड काढलं आणि ते देताना ओळखपत्रावर शिक्क्याची चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. चळवळीनं त्याचीही चोरी आणि नक्कल केली. हेलेनाबाई १९४४ मध्ये पकडल्या गेल्या आणि त्याच डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छावणीत वारल्या.

कुपन हाती आलं तरी दुकानदार उरतोच. ॲमस्टरडॅमला प्रिन्सनखराख्त कालव्यावरच्या घरात ॲन फ्रँकसह आठजण लपले होते. त्यांची भाजी जवळच्या लेलीखराख्तवरच्या हेंड्रिक फान हूवे यांच्या दुकानातून यायची. या आठजणांना सामान पोचवणाऱ्या मीप खीस रोज एवढी भाजी कुणासाठी नेतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बटाट्याची पोती ते स्वतः पोचवत. त्यांच्या स्वतःच्या घरीही एक ज्यू जोडपं होतं. मे १९४४ मध्ये त्यापायी त्यांना अटक झाली. छावण्या भोगून ते जिवंत परतले. या शहरात खरा आसरा असा न विचारणाऱ्यांनीच दिला. ॲन फ्रँकच्या घरापुढे रांगेत उभे राहणारे पाहुणे मात्र त्या दुकानाची आठवण क्वचितच काढतात.

मुलांची गोष्ट प्लांताख मिडनलान या रस्त्यावर घडली. तिथल्या नाट्यगृहात पकडलेल्या ज्यूंना कोंडत आणि त्यांची मुलं समोरच्या पाळणाघरात ठेवत. नाट्यगृहाचा कारभार पाहणारे वाल्टर स्युस्किंड कागदोपत्री नावं गाळायचे. पाळणाघराच्या हेन्रिएट पिमेंटेल आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट मुलांना बाहेर काढायचे: ट्रॅम आडवी आली आणि पहारेकरी दिसेनासा झाला की मूल पिशवीत किंवा टोपलीत घालून निघायचं. सुमारे सहाशे मुलं अशी वाचली. पिमेंटेलबाई ऑशवित्झला मारल्या गेल्या, स्युस्किंड १९४५ मध्ये गेले, फान हुल्स्ट २०१८ पर्यंत जगले. ट्रॅम आजही त्याच रस्त्यानं जाते.

डच शौर्याची ही कौतुकं ऐकताना दुसरा आकडाही मांडावा लागतो. देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाख २ हजारांच्या आसपास मारले गेले. १९४३ मध्ये एका टोळीला पकडून दिलेल्या दर ज्यूमागे साडेसात गिल्डर मिळत आणि तिनं काही महिन्यांत हजारो माणसं पकडून दिली. आसरा देणाऱ्यांतही काहींनी भाडं भरपूर उकळलं आणि पैसे संपल्यावर दार दाखवलं.

युद्धानंतर अनाथ मुलांवरून वाद पेटला. नातेवाईक आणि ज्यू संस्था मुलं परत मागत होत्या, पोसणारी ख्रिस्ती घरं सोडायला तयार नव्हती. या मुलांचा निर्णय करणाऱ्या सरकारी आयोगाच्या प्रमुख खेसिना फान डर मोलेन यांनी युद्धात स्वतः मुलं लपवायला मदत केली होती, आणि त्यांचा कल पोसणाऱ्या घरांकडे होता. काही मुलं ज्यू घरांत परतली. काही जिथे लपली, तिथेच वाढली.