माळावर केव्हा जावे?

गेल्या दिवाळीत, दारेस्सलाम येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याचे निमंत्रण आले आणि लासलगावच्या आमच्या घरात आफ्रिकेचा नकाशा पसरला गेला. सेरेंगेटीस सारे जग जाते. म्हणून त्याने टांझानियाच्या पश्चिमेकडील कटावी हे उद्यान सुचविले होते. १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झालेले, सुमारे ४,४७१ चौरस किलोमीटरांचे ते रान इतके आडबाजूस आहे की तेथे प्रवासी फार थोडे पोचतात. लहान विमानाने जावयाचे, तंबूत राहावयाचे, आणि काळे किंवा गर्द निळे कपडे मुळीच न्यावयाचे नाहीत. कारण त्या रंगांवर त्सेत्से नावाची चावरी माशी धावून येते. जाण्याचा काळही त्याने आवर्जून कळविला होता : जून ते ऑक्टोबर, म्हणजे तेथील कोरडे दिवस. त्या वेळी नद्या आटतात, उरल्यासुरल्या डबक्यांत पाणघोडे एकमेकांस खेटून पडतात, आणि हत्ती, रानरेडे, सिंह सारे पाण्यापाशी येतात. पाहणाऱ्याने केवळ पाण्याजवळ बसून राहावे.

खर्चाचा आकडा मांडून होताच थोरल्या दादांनी नकाशाची घडी घातली. मुलांची तोंडे उतरली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आफ्रिका राहू द्या, येवल्यापलीकडचा काळविटांचा माळ तरी यांना कोणी दाखविला आहे का?" प्रश्न वर्मी लागला. आमच्या घरातील निम्म्या मंडळींनी काशी-रामेश्वर केले आहे. परंतु विंचूर, येवले करीत नांदगाव रस्त्याने राजापूर-ममदापूरपर्यंत कोणीही गेलेले नव्हते!

म्हणून पौषात मी एकटाच पाहणी करून आलो. येवले मागे पडले की हिरवी शेते विरळ होत जातात आणि उघडा, चढउताराचा माळ सुरू होतो. ममदापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्राचा विस्तार सुमारे ५४ चौरस किलोमीटर; कटावीपुढे ते अंगणच म्हणावयाचे. वाळलेले पिवळे गवत, मधूनमधून हिवर-बाभळीची झाडे, आणि वर अफाट आकाश. 'यात पाहण्यासारखे काय आहे?' असे प्रथम माझ्याही मनात आले, हे कबूल करतो. अशा भूमीस आपण पडीक म्हणतो व जंगल तोडून उरलेली जमीन समजतो. परंतु आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुने मराठी ग्रंथ, लोककथा व ओव्या यांतील झाडाझुडपांचे उल्लेख तपासून २०२५ साली असे दाखविले की पश्चिम महाराष्ट्रातील असे गवताळ माळ निदान साडेसातशे वर्षे तरी माळच आहेत. आफ्रिकेच्या सवानाचे ते भाऊबंदच.

सुमारे तासाभराने एका उताराआडून कळप वर आला. माद्या पिंगट व बिनशिंगी, आणि त्यांच्यामागे एकच नर : पाठ काळीभोर, पोट पांढरेशुभ्र, पीळदार शिंगे मागे टाकून मान ताठ धरलेली. मी गाडीतून उतरण्याचा अविचार केला मात्र, एका मादीने उंच उडी घेतली आणि पाठोपाठ सारा कळप जणू जमिनीस न शिवता दृष्टीआड झाला. घरी हे सांगितले तेव्हा काकांनी आठवण दिली की ज्या भूमीत कृष्णमृग स्वभावतः विहार करतो ती यज्ञास योग्य, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. मुंजीत बटूच्या जानव्यास कृष्णाजिनाचा तुकडा बांधावयाचा तो याच प्राण्याचा. १९७२च्या कायद्याने आता त्याच्या कातड्याचा व्यापार बंद आहे, हे योग्यच झाले.

मग सहलीचा बेत ठरू लागला. मुलांना सुट्टी मे महिन्यात; पुतण्याच्या पत्राप्रमाणे कोरडा ऋतूच उत्तम; वनखात्याने केलेल्या पाणवठ्याशी पहाटे जाऊन बसावे म्हणजे काळवीट हमखास दिसतील. सारे कसे जुळून आले होते. परंतु माळाच्या कडेस शेती असलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी माझे जे बोलणे झाले होते ते मला स्वस्थ बसू देईना. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात हरणे बाहेर पडतात. रस्त्यावर मोटारीखाली सापडतात, कुत्री त्यांस घेरतात, कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. "पाणवठ्याशी माणूस उभा दिसला की ती तहानेलीच परततात," असे ते म्हणाले होते. हेच गृहस्थ हरणांनी हरभरा खाल्ला म्हणून दोन घटका कुरकुरलेही होते, आणि ती कुरकुर खोटी नव्हती!

कटावीत पाण्याशी बसणाऱ्या प्रवाशामुळे फारसे बिघडत नसेल. तेथे जनावरास दुसरीकडे वळावयास रान आहे. येथे माळ संपला की लगेच कांद्याचे वाफे आणि डांबरी सडक. मी हे सांगताच मुलांनी गलका केला. थोरला मुलगा तर म्हणाला, "आपण एकाच घरचे लोक, एकाच दिवशी जाणार, त्याने काय होते?" दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रत्येक घर असेच म्हणेल."

वादविवादाअंती दिवाळीनंतरचा आठवडा ठरला. बाजार समितीत त्या सुमारास लिलाव बंद असतात, म्हणून पुरुषमंडळी मोकळी. पावसाने गवत वाढलेले, नराचा काळा रंग झळाळीवर, आणि पाण्यासाठी त्यांची वणवण नाही. गवत उंच असल्याने प्राणी कमी दिसतील, हे मुलांना आधीच सांगून ठेवले आहे. दोन दुर्बिणी, फराळाचे डबे, पाण्याचा मोठा पिंप. गाडीतून कोणी उतरावयाचे नाही, हाका मारावयाच्या नाहीत. परतताना येवल्यास पैठणी पाहण्याची अट भगिनीवर्गाने घातली आहे. माळावर किती वेळ मिळेल हे त्यावरच अवलंबून राहील.

आणि मे महिन्याचे म्हणाल, तर त्या वृद्ध गृहस्थांच्या विहिरीस कठडा घालावयाचे घाटत आहे. विटांची गाडी आमच्याकडून जाईल. गवंडी त्यांनी पाहावयाचा आहे.